गिदोन : लपून गहू झोडणारा माणूस ‘शूर वीर’ कसा?

ओलीवशाखा

नमस्कार मंडळी. मी नगरकडची. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवते. नऊ ते बारा वयाची चौदा मुलं आहेत माझ्याकडे.

गेल्या रविवारी बायबलातल्या शास्ते या पुस्तकातला ६वा अध्याय घेतला. ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सात वर्षं मिद्यानी लोक दर हंगामाला इस्राएलावर तुटून पडतायत. उंटांवरून टोळधाडीसारखे येतात, उभं पीक आणि गुरंढोरं घेऊन जातात. लोक डोंगरातल्या कपारींत आणि गुहांत राहू लागलेत. अशा दिवसांत अफ्रा गावचा गिदोन, योवाशाचा मुलगा, द्राक्षारसाच्या कुंडात लपून गहू झोडतोय. तिथे परमेश्वराचा दूत येतो आणि म्हणतो, हे बलवान वीरा, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे.

इथे माझ्या वर्गातल्या एका दहा वर्षांच्या मुलाने हात वर केला. म्हणाला, “टीचर, तो लपला होता ना? मग देवदूत त्याला शूर का म्हणाला? चिडवत होता का?”

मुलं हसली, पण तो हसत नव्हता. हा मुलगा स्वतः फार भित्रा आहे, घंटा वाजली तरी दचकतो. शेवटी “पुढच्या रविवारी सांगते” एवढंच मला सुचलं. आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात घोळतोय. दूत चिडवत नव्हता याची मला खात्री आहे, पण का नव्हता ते त्या मुलाला पटेल असं सांगता येत नाहीये. तुम्ही काय सांगितलं असतं?

जुनीवाट

ताई, देव माणसाला आज आहे तसा बघत नाही, पुढे होणार आहे तसा बघतो. दूताने उद्याच्या गिदोनाला हाक मारली. आम्ही लहानपणापासून हेच ऐकलंय आणि मला ते पटतं.

ओलीवशाखा

दादा, हेच उत्तर त्याला लगेच दिलं होतं. तो म्हणाला, “मग मला पण परीक्षेच्या आधीच पहिला नंबर द्या.” :)

बांधावरचा

मी ख्रिस्ती नाही, बायबल काही वाचलेलं नाही. पण तुमच्या पोस्टमधल्या एका गोष्टीपाशी अडकलो. कुंडात गहू झोडत होता, म्हणजे नेमकं कसं? द्राक्षं तुडवायचं कुंड खडकात खोदलेलं असणार, खड्ड्यासारखं. बरोबर ना?

तसं असेल तर शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा. खळं नेहमी उंचावर करतात, वारा लागेल अशा जागी. शेणानं सारवायचं, मध्ये तिवडा रोवायचा, बैलांची पात धरायची. मळणी झाली की उफणणी. वावडीवर उभं राहून वाऱ्याच्या बाजूनं सूप हलवायचं. दाणा पायाशी पडतो, भुसकट उडून जातं. आमचे आजोबा वाऱ्यासाठी दुपार-दुपार खळ्यावर बसून राहायचे. वारा सुटला की हातातली भाकरी टाकून उठायचे.

आता हाच माणूस खड्ड्यात उतरलाय. वारा नाही. बैल नाहीत, कारण बैल फिरवले तर लांबून दिसतात. काठीनं झोडतोय. सगळा भुसा अंगावर, मानेत, घशात. चाळायचं कसं ते त्यालाच ठाऊक. दोन-चार पेंढ्यांवर जास्त काही होणार नाही असा तो उद्योग.

मी १९७२ च्या दुष्काळानंतरच जन्मलो, पण घरात त्या वर्षाचं बोलणं ऐकत वाढलो. त्या दिवसांत घरात पायलीभर धान्य आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून आजी पहाटे अंधारात जातं ओढायची. तिला कुणी भित्री म्हटलेलं मी ऐकलं नाही. चौघांची तोंडं होती तिच्या मागं.

त्या मुलाला हे सांगा. बाकीचे लोक गुहेत जाऊन बसले होते. हा खड्ड्यात का होईना, गहू झोडत होता. धान्य घरी न्यायचं होतं त्याला.

ओलीवशाखा

बांधावरचा दादा, तुम्ही म्हणता तसंच, खडकात खोदलेलं कुंड. वीस वर्षं हा अध्याय वाचतेय आणि भुसा कधी दिसलाच नव्हता.

शब्दवेध

बांधावरचा यांच्या पोस्टला शब्दाकडून जोड देतो. मूळ हिब्रूत इथे काठीने झोडण्याचं क्रियापद आहे, बैलांच्या मळणीचं नाही. बायबलातल्याच रूथच्या गोष्टीत तिने बवाजच्या शेतात दिवसभर सरवा वेचला आणि संध्याकाळी झोडून काढला, तिथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे गरीब विधवेने मूठमूठ वेचलेल्या कणसांसाठीचा शब्द इथे एका बऱ्या घरच्या मुलाला लागलाय. सात वर्षांच्या लुटीने घराची काय दशा केली होती ते त्या एका शब्दात आहे.

दुसरं, ‘बलवान वीर’ हे ‘गिब्बोर हायिल’चं भाषांतर. हेच शब्द बवाजलाही लावलेत, आणि तो काही लढवय्या नव्हता, गावातला प्रतिष्ठित जमीनदार होता. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे, तिथेही ‘हायिल’ आहे. ताकद, ऐपत, कर्तबगारी, सगळं त्यात येतं. तेव्हा दूत “अरे कर्त्या माणसा” असंही म्हणत असेल. आपल्याकडे घरातला ‘कर्ता’ म्हणतात त्या अर्थाने.

आणि गिदोनाचं उत्तर वाचा. माझं कूळ मनश्शे वंशात सगळ्यांत दुबळं, आणि बापाच्या घरात मी सगळ्यांत लहान. कर्ता म्हटल्याबरोबर तो ते नाव अंगावरून झटकतो.

प्रश्नचिन्ह

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. पण हे पुस्तक मी आवडीने वाचतो, कारण त्यात माणसं खरी आहेत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर गिदोन मला श्रद्धावान वाटत नाही. आधी दूताकडून खूण मागितली. खडकातून आग निघाली, मांस आणि भाकरी जळून गेल्या. तेवढ्याने भागलं नाही. मग खळ्यावर लोकर ठेवली : लोकर ओली आणि जमीन कोरडी असू दे. सकाळी वाटीभर पाणी पिळून निघालं. तरीही पुन्हा, आता उलट, लोकर कोरडी आणि जमीन ओली. इतकी खातरजमा आपण घर विकत घेतानाही करत नाही. याला श्रद्धा म्हणायचं तर संशय कशाला म्हणणार?

दीपस्तंभ

प्रश्नचिन्ह, तुमच्या प्रश्नाने घरची आठवण झाली. माझे वडील चर्चचे पाळक होते. आमच्या मंडळीत ‘लोकर ठेवणे’ हा वाक्प्रचारच झाला होता. स्थळ आलं, ठेवा लोकर. बदली आली, ठेवा लोकर. माझ्या एका मावशीने नोकरीच्या पत्रावर उत्तर द्यायच्या आधी खूण मागितली, खुणेची वाट बघत मुदत निघून गेली, नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. कितीतरी वर्षं तिला ते लागून राहिलं होतं.

वडिलांना या प्रकाराचं फार वाईट वाटायचं. म्हणायचे, नीट वाचा. काय करायचं ते गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं. ‘जा, तू इस्राएलाला सोडवशील’ हे लोकरीच्या आधी आलं. त्याने लोकर रस्ता निवडायला ठेवली नाही. रस्ता ठरलेला होता, पायांत बळ नव्हतं. आणि दुसऱ्यांदा मागताना तो म्हणतो, माझ्यावर रागावू नकोस. आपण जास्त मागतोय हे त्याला कळत होतं.

देव रागावला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या रात्री त्याने तसंच केलं, एवढंच लिहिलंय. रागाचा एक शब्द नाही. संशय मनात ठेवून पळून जाणारे पुष्कळ. हा संशय घेऊन देवाकडेच परत परत येत होता. मला तर ती श्रद्धाच वाटते, डगमगत चालणारी.

हवालदार_काका

फौजेत बावीस वर्षं काढली. आता गावी असतो. हा धागा मुलीने दाखवला, म्हणून हे अध्याय कालच वाचले. रात्रीच्या चढाईचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. लिहिणाऱ्याला रात्र ठाऊक होती.

पण मला बोलायचंय ते त्या बावीस हजारांवर. बत्तीस हजार लोक जमले. देव म्हणाला, फार झाले, उद्या म्हणतील आमच्याच हातांनी जिंकलो. ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं. बावीस हजार निघून गेले! उरले दहा हजार. मग झऱ्यावर पाणी पिण्याची पारख, गुडघे टेकून प्यायले ते घरी, चाटून प्यायले ते ठेवले, आणि राहिले तीनशे. समोर मिद्यान्यांचे एक लाख पस्तीस हजार. माणशी साडेचारशे पडतात.

आमच्या चर्चेत त्या बावीस हजारांना नावं ठेवली जातील म्हणून सांगतो, ठेवू नका. रात्रीच्या गस्तीला निघण्याआधी आम्ही अंगावरची प्रत्येक वाजणारी वस्तू चिंधीने बांधायचो. बकल, पाण्याचा मग, चाव्या. मग जागेवर उड्या मारून बघायचं, काही खुळखुळतं का. एकदा सगळं बांधलं होतं, तरी एक बारीक टकटक येत होती. शोधलं तर एका नवीन पोराचे दात वाजत होते. थंडी नव्हती. त्याला मी मागे ठेवलं, रागावलो नाही. पुढे तोच पोरगा चांगला नाईक झाला. त्या रात्री मात्र त्याचे दात बाकीच्या अकरा जणांनी ऐकले असते, तर अकराही जणांचे वाजले असते.

शब्दवेध

काका, तुम्ही सांगितलंत ते नियमशास्त्रात कारणासकट लिहिलेलं आहे! ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात लढाईआधी अधिकाऱ्यांनी पुकारा करायचा : कोणी भ्याड, कचदिल असेल तर त्याने घरी जावं, नाहीतर त्याच्या भाऊबंदांचंही काळीज त्याच्यासारखं पाघळेल. भीती पसरते, म्हणून. शिक्षा काहीच सांगितलेली नाही.

प्रश्नचिन्ह

इथे मात्र माझी खरी अडचण सुरू होते. घाबरणाऱ्याने घरी जायचं, हा नियम. त्याच रात्री देव गिदोनाला म्हणतो, तुला खाली जायला भीती वाटत असेल तर पुरा नावाच्या तुझ्या चाकराला बरोबर घे आणि छावणीत काय बोलतात ते ऐक. गिदोन लगेच पुराला घेऊन उतरतो. म्हणजे त्याला भीती वाटत होती! मग बावीस हजार घरी आणि हा सेनापती कसा?

हवालदार_काका

प्रश्न चांगला आहे, रात्रभर विचार केला.

बावीस हजारांनी भीती एकमेकांना दाखवली. उठून जाणारा माणूस शेजारच्याला दिसतो. गिदोनाने ती कुणाला दाखवली? देवाला आणि एका पुराला. तीनशे जणांपुढे आला तेव्हा म्हणाला, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. असं म्हणायला पुढाऱ्याला काय लागतं ते मला माहीत आहे. माझाही एक पुरा होता. त्याच्याजवळ मी सगळं बोलायचो. बाकी तुकडीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तो आता नाही.

दीपस्तंभ

काका, नमस्कार तुम्हाला.

रेवदंडा_ते_लोद

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोळ रेवदंड्याचं, आईवडील १९६० च्या दशकात इथे इस्राएलात आले, मी लोदला वाढले. घरात अजून मराठी आहे, म्हणून तुमचे धागे वाचते.

ज्या झऱ्यावर पाणी प्यायले ते हरोद म्हणजे आजचं एन हरोद. गिल्बोवा डोंगराच्या पायथ्याशी एका गुहेतून पाणी बाहेर येतं. तिला गिदोनाची गुहा म्हणतात. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, सुट्टीच्या दिवशी पोरं पाण्यात डुंबत असतात. मी शाळेच्या सहलीत गेले होते, नंतर मुलांना घेऊन गेले. पाणी गार आणि उथळ आहे. आमच्या बाईंनी सगळ्यांना प्यायला सांगितलं आणि कोण कसं पितं ते बघत बसल्या. मी सरळ गुडघे टेकले. म्हणजे माझी रवानगी घरी!

समोर दरीपलीकडे मोरे टेकडी दिसते. मिद्यानी तिच्या अंगाला, दरीत उतरले होते. मधली यिज्रेलची दरी सपाट, हिरवीगार. तिथे उभं राहिलं की एक लाख उंटवाले दिवसाढवळ्या समोर बघताना काय वाटत असेल ते कळतं.

आणि ‘हरोद’ म्हणजेच थरथर. घरी जायला सांगताना जो शब्द वापरलाय, ‘हारेद’, थरथर कापणारा, त्याच धातूतला. थरथरीच्या झऱ्यावर छावणी होती आणि तिथेच थरथरणाऱ्यांना निवडून काढलं. हिब्रूत वाचताना ते कानाला लगेच लागतं.

पाणी चाटून पिणारे जास्त सावध होते म्हणून निवडले, असं सगळीकडे सांगतात. शास्त्रात तसं कारण दिलेलं नाही. पहिल्या शतकातला आमचा इतिहासकार योसेफस तर उलटं सांगतो. घाईघाईने, भीतभीत पाणी प्यायले ते तीनशे, आणि देवाने मुद्दाम तेच घेतले, म्हणजे विजय कुणाचा यात शंकाच नको. त्या मुलाला हे आवडेल बहुतेक.

मृदगंध

वा! तुमच्याकडे गिदोनाच्या कथा मराठीत सांगायचे का?

रेवदंडा_ते_लोद

आजी सांगायची, मराठीतच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत आमच्या लोकांनी बायबलातल्या आख्यानांवर मराठी कीर्तनं सुरू केली होती. साक्या, ओव्या, सगळा बाज आपल्या कीर्तनाचा. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत. घाण्याचं तेल काढायचो आणि शनिवारी घाणा बंद.

विषय सोडून एक सांगू का? शूर आणि श्रद्धाळू म्हटलं की आमच्या घरात गिदोनाच्या जोडीने दिवेकर आठवतात. सामुएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी. टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटले, असं आमच्याकडे सांगतात. कैदेत नवस बोलले होते म्हणून परत येऊन मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनाघर, बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं असं ती सांगतात.

इतिहासवेडा

फौजेचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ब्रिटिश फौजेत ऑर्ड विंगेट नावाचा अधिकारी होता, बायबल तोंडपाठ असलेला. १९३८ मध्ये त्याने एन हरोदलाच तळ टाकून रात्री हल्ले करणारी छोटी पथकं उभी केली. गिदोनाचा झरा म्हणून ती जागा त्याच्या फार मनात भरलेली. १९४१ मध्ये इथिओपियात इटालियन फौजेविरुद्ध लढताना आपल्या सैन्याला त्याने नावच दिलं ‘गिदोन फोर्स’. पुढे हिंदुस्थानात येऊन ‘चिंदित’ नावाच्या तुकड्या तयार केल्या आणि १९४३ मध्ये ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घातल्या. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात त्याचं विमान कोसळलं, त्यात तो गेला.

प्रश्नचिन्ह

पुराव्याचं बोलायचं तर २०२१ मध्ये एक बातमी आली होती. दक्षिण इस्राएलात खिर्बेत अर-राई इथल्या उत्खननात एका छोट्या सुरईचे तुकडे मिळाले. त्यावर शाईने ‘यरुब्बाल’ असं लिहिलेलं वाचलं गेलं. सुमारे ३१०० वर्षांपूर्वीचं. बआल या दुसऱ्या देवाची वेदी पाडल्यावर गिदोनाला मिळालेलं नाव हेच. तो हाच गिदोन असं कुणी ठामपणे म्हणत नाही. ही जागा यिज्रेलच्या दरीपासून खूप दूर आहे. पण त्या काळात हे नाव माणसांना होतं, एवढं नक्की.

मृदगंध

मला छावणीतलं स्वप्न फार आवडलं. गिदोन आणि पुरा अंधारात कान देऊन ऐकतायत, आणि एक मिद्यानी शिपाई दुसऱ्याला सांगतोय : जवाची एक भाकर गडगडत आपल्या छावणीत आली, तंबूला धडकली आणि तंबू आडवा! दुसरा म्हणतो, ही गिदोनाची तलवारच.

भाकरीने तंबू पाडला! आमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “शिळी असणार.” :)

शब्दवेध

सासूबाईंना सांगा, जव हे गरिबाचं धान्य. बायबलातल्याच राजांच्या पुस्तकात एक भाव दिलाय : एका शेकेलात (त्या काळचं चांदीचं वजन) एक माप सपीठ, तर जवाची दोन मापं. सात वर्षं लुटल्या गेलेल्या घरात जवाचीच भाकर उरणार. शत्रूच्या स्वप्नातला गिदोन असा आहे. आणि ते ऐकून गिदोन काय करतो? तिथेच, शत्रूच्या छावणीच्या कडेला, नमन करतो. या सगळ्या कथेत मला ती जागा सर्वांत प्रिय आहे.

दीपस्तंभ

एक गोष्ट वडिलांनी दाखवली होती, ती इथे लिहून ठेवते. मधल्या प्रहराच्या सुरुवातीला तीन टोळ्यांनी छावणीला वेढा घातला. प्रत्येकाकडे शिंग, रिकामा घडा आणि घड्यात मशाल. घडे फोडले. शास्त्र म्हणतं, डाव्या हातात मशाली, उजव्या हातात वाजवायला शिंगं. आणि ओरडले, परमेश्वराची तलवार व गिदोनाची तलवार!

दोन्ही हात गुंतलेले. तलवार धरायला हात कुठे होता? तलवार तलवार म्हणून ओरडणारे तीनशे जण जागच्या जागी उभे, आणि खालच्या छावणीत लोक अंधारात आपल्याच माणसांवर वार करतायत. वडील हे सांगताना दोन्ही हात वर करून उभे राहायचे. तेच रूप माझ्या डोळ्यांपुढे राहिलंय.

बांधावरचा

पेटता काकडा मडक्यात ठेवला की नुसता धुमसतो. हवा लागली की एकदम भडकतो. लहानपणी शेतात हा उद्योग केलाय. ताई, मुलांना करून दाखवा. पण पाण्याची बादली जवळ ठेवा.

आणि कालच बाकीचा ६वा अध्याय वाचला. बआलची वेदी पाडतो ते. वेदी त्याच्या बापाचीच. दहा गडी घेऊन रात्री पाडली, कारण घरच्यांची आणि गावाची भीती. इथे तुमच्यापैकी कुणी थांबलं नाही, मी थांबतो.

माझ्या लग्नात हुंडा घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. १९९८ सालची गोष्ट. भावांपुढे बोलायची छाती नव्हती. रात्री सगळे निजल्यावर वडिलांच्या खाटेपाशी जाऊन सांगितलं. दिवसा जमलं नसतं. सकाळी भावकी दारात. घराण्याचं नाक कापलं म्हणून ओरडा. वडील उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “ज्याला हुंडा पाहिजे त्यानं माझ्याकडं मागावा.” संपलं.

त्या कथेत गाव योवाशाच्या दारात येतं, तुझ्या पोराला बाहेर काढ, मारतो म्हणतं. आणि योवाश म्हणतो, बआल देव असेल तर त्याची वेदी पाडणाऱ्याशी त्यानं स्वतः भांडावं. अहो, वेदी त्याचीच होती! हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. वडील जाऊन सहा वर्षं झाली.

रात्री केलं म्हणून ते कमी होत नाही. मिद्यानी परके होते. हे घरचे होते.

प्रश्नचिन्ह

बांधावरचा, तुमची पोस्ट तीनदा वाचली.

आता मी जे लिहिणार आहे ते काहींना कडू लागेल. ८वा अध्याय वाचा. पळणाऱ्या जेबह आणि सलमुन्ना या राजांच्या मागे गिदोन यार्देन नदी ओलांडतो. सुक्कोथ आणि पनुएल ही गावं थकलेल्या तीनशेंना भाकरी नाकारतात. परत येताना तो सुक्कोथच्या सत्त्याहत्तर वडीलधाऱ्यांना काट्यांनी झोडपतो, पनुएलचा बुरूज पाडून तिथली माणसं मारतो. इस्राएलाचीच माणसं! आणि या अध्यायात देव त्याच्याशी एकदाही बोलत नाही. तोही काही विचारत नाही. ज्याने दवाच्या थेंबासाठी दोन रात्री घालवल्या, त्याने एवढा बुरूज पाडताना एकदाही विचारलं नाही.

पुढे लोक त्याला राजा करू बघतात. तो छान नकार देतो, परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील. आणि त्याच दमात लुटीतली कुंडलं मागतो. १७०० शेकेल सोनं, आजच्या हिशेबाने सुमारे १९ किलो. त्याचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, करून आपल्या गावी ठेवतो, आणि सगळा इस्राएल त्याचीच पूजा करू लागतो. ज्याने वेदी पाडली त्यानेच दुसरी उभी केली.

भीती होती तोवर हा माणूस मला जवळचा वाटला. भीती गेली आणि मी त्याला ओळखेनासा झालो.

जुनीवाट

वाचून मनाला लागलं. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे, बाराक, शमशोन, इफ्ताह, दावीद यांच्या बरोबर. देवाने नाव ठेवलं ते आपण खोडू नये.

दीपस्तंभ

जुनीवाट दादा, कुणी खोडत नाहीये. ती यादी वाचा पुढे : अशक्त होते ते सबळ झाले. सबळ झाल्यावर काय केलं तेही शास्त्रानेच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. मला तर त्यामुळेच शास्त्रावर भरवसा वाटतो.

आणि त्या अध्यायातलं एक राहिलं. येथेर. गिदोनाचा थोरला मुलगा. राजांना धरून आणल्यावर गिदोन त्याला म्हणतो, ऊठ, यांना मार. मुलाने तलवार उपसली नाही, कारण त्याला भीती वाटली, तो अजून पोरच होता. ते राजे गिदोनाला म्हणतात, तूच मार. आणि गिदोन मारतो. येथेरचं नाव पुन्हा येत नाही. पुढे गिदोनाच्याच दुसऱ्या मुलाने, अबीमलेखाने, आपल्या सत्तर भावांना एका धोंड्यावर मारलं, फक्त धाकटा योथाम वाचला. येथेर त्या सत्तरांत गेला असणार.

कुंडातल्या गिदोनाला कुणीतरी हाक मारली होती. येथेरला कुणी मारली नाही.

ओलीवशाखा

मंडळी, काल वर्ग झाला. उशिरा लिहितेय, कारण मन भरून आलं होतं.

कुंभाराकडून संक्रांतीतली उरलेली बोळकी आणली होती. काकडा घरी गच्चीवर करून पाहिला. बांधावरचा दादा म्हणाले तसंच. मडक्यात नुसता लाल ठिपका, धूर, आणि फोडल्याबरोबर ज्योत वर आली. मुलांसाठी मात्र बॅटरीवरचे दिवे घेतले. दारंखिडक्या लावून अंधार केला आणि सगळ्यांनी एकदम बोळकी आपटली. चर्चचे सेवक धावत आले.

आधी त्याला कुंडाचं सांगितलं, वारा नाही, भुसा मानेत. मग हरोद म्हणजे थरथर. तीनशे जण घाबरत पाणी प्यायले असतील असं एक जुना माणूस सांगतो, हेही सांगितलं. हवालदार काकांच्या गस्तीतल्या पोराचे दात सांगितले, तेव्हा तो पुढे सरकून बसला. दूत चिडवत नव्हता, हे त्याला पटलं का मला माहीत नाही. तो म्हणाला, “त्याला माहीत होतं तो घाबरलाय, तरी बोलला.” मी हो म्हटलं.

येथेरचं सांगावं की नाही, ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. वर्ग गप्प झाला. तो मुलगा बराच वेळ बोळक्याचे तुकडे गोळा करत होता. सगळे गेल्यावर जवळ आला आणि विचारलं, “टीचर, येथेर त्या दिवशी घरी गेल्यावर त्याची आई काय म्हणाली?”

शब्दवेध

शास्त्रात त्याच्या आईचं नावही नाही. गिदोनाच्या पुष्कळ बायका होत्या एवढंच लिहिलंय, एकीचंही नाव दिलेलं नाही.

रेवदंडा_ते_लोद

आजी असती तर तिने काहीतरी सांगितलं असतं. तिच्या कथांत आयांना नावं असायची.

ओलीवशाखा

मी त्याला म्हटलं, तू सांग. त्याने रविवारपर्यंत वेळ मागितलाय.